तहमिनाचा प्रश्न

बांगलादेशातल्या ‘धरला’ नदीवर, होडीत असताना पावसाची सर आली, आणि शेजारच्याने उघडलेल्या छत्रीची काडी तहमिनाच्या कानाला टोचली.

“अहो, डोळा फोडता का माझा?”

“चुकलं…” तो गडबडला. मग छत्री तिच्याच डोक्यावर धरून स्वतः भिजत बसला. चेहरा बरा होता. तिने मान फिरवली – जरा उशिरानेच.

तासाभरात तोच माणूस तिच्या संस्थेच्या शाखेत फळ्यापुढे उभा! ढाक्याहून आलेला प्रशिक्षक, आशफाक. नदीतल्या चरांवरच्या, म्हणजे वाळूच्या बेटांवरच्या, बायकांना छोटी कर्जं देणारी ही संस्था. तहमिनासारख्या हप्ते गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांना सहा वर्षांत हे पहिलंच प्रशिक्षण. आणि तो वाचत होता – ‘ग्राहक-समाधानाच्या सात पायऱ्या’.

तहमिना ताडकन उठली. “सर, हप्ता मागायला गेले आणि दारात जनाजा असला, तर कुठली पायरी? गेल्या महिन्यात झालंय हे. मी तशीच परतले, तर माझाच पगार कापला. तिथं काय बोलायचं, हे कधी शिकवलंत आम्हाला?”

त्याने हातातला कागद खाली ठेवला.

“मला… नाही माहीत,” तो म्हणाला. “आपा, तुम्ही सांगाल?”

‘आपा’ तर संस्थेत सगळ्याच बायकांना म्हणत, पण साहेबाच्या तोंडून असलं वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

आठवडाभर तो तिच्या सायकलीमागून चरावर पायी हिंडला. बायकांच्या बैठकीत चटईवर बसला, तिचं बोलणं वहीत टिपत राहिला. “तहमिना, हा हप्ता न्यायला आलाय की तुला?” म्हणून बायका खिदळल्या, तेव्हा दोघंही लाजली.

निघताना तो म्हणाला, “याचं पुस्तक होईल. तुमच्या नावानं.”

दोन महिन्यांनी पुस्तक आलं. शब्द न् शब्द तिचा. नाव ढाक्याच्या मोठ्या साहेबांचं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फोनवर ती एकच शब्द बोलली – “चोर!”

तिसऱ्या आठवड्यात तो बंधाऱ्यावरून चिखल तुडवत आला.

“मी भांडलो, आपा. मोठे साहेब म्हणाले, बारावी शिकलेल्या मुलीचं नाव पुस्तकावर शोभत नाही. मी नोकरी सोडली.”

“म्हणजे माझं नाव छापून आलं का?”

“नाही. म्हणून पाच संस्थांची दारं ठोठावली. एक तयार झाली. रंगपूरला तीस मुलींचं प्रशिक्षण आहे, शिकवणार तुम्ही. मी… फळा पुसेन.”

“फळा पुसायला इतक्या लांब आलात?”

“नाही…” त्याचे कान लाल झाले. “तुमच्याशिवाय करमत नाही.”

राग अजून नाकावर होता. ओठ मात्र ऐकेनात.

“सायकल येते?”

“नाही.”

“मग आधी ती शिका. चरावर चालत हिंडणारा नवरा मला चालायचा नाही!”