पालथ्या होडीची खूण

"सप्टेंबर!" बाबांनी टेबलावर थाप मारली तसे चहाचे कप एकदम खुळखुळले. "ठरलं! सप्टेंबरच्या सुट्टीत आपण सगळे कॅरिबियनला! मोठ्ठं जहाज, अकरा दिवस, पाच बेटं!"

"जहाजावर पोहायचा तलाव असतो?" ताईने विचारलं.

"एक सोडून दोन असतात!"

"आणि आइस्क्रीम?" भोवरा खुर्चीवरच उभा राहिला.

"हवं तेवढं!"

"हवं तेवढं म्हणजे नक्की किती?" पेन्सिलने वही उघडली.

ताई तेरा वर्षांची. घरात नि गल्लीत सगळे तिला ताईच म्हणत. तिचा धाकटा भाऊ दहा वर्षांचा आणि एका जागी पाच मिनिटं बसला तर आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची, म्हणून तो भोवरा. पेन्सिल ही त्यांची आतेबहीण, बारा वर्षांची. अंगाने काडी, आणि कानामागे कायम एक पेन्सिल खोचलेली. मोठ्या सुट्टीत ती मुक्कामालाच असायची.

"पत्रक बघा," बाबा म्हणाले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि कुठलाही कागद ते हात लांब करून, नाक वर करून वाचत. "सहलीचा सर्वोत्तम काळ: सप्टेंबर. आल्हाददायक हवा. जानेवारी: कडाक्याची थंडी, टाळावे. शनिवारी फॉर्म भरून द्यायचा. आजोबा, तुम्ही तर बोटीवरचे जुने खेळाडू! आता प्रवासी म्हणून ऐटीत चला!"

आजोबांनी पत्रक हातात घेतलं. पाचव्या बेटाच्या नावावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "तुम्ही जा मजेत. मी घर सांभाळतो. कुंड्यांना पाणी घालायला कोणीतरी हवंच ना."

घरात कुंडी एकच होती, आणि तीही निवडुंगाची!

"वय झालं, धास्ती वाटत असेल," आई हळूच बाबांना म्हणाली. बाबांनीही मान डोलावली. आणि विषय संपला. मोठ्या माणसांचे विषय असे पटकन संपतात.

मुलांचा मात्र संपला नाही. तीस वर्षं मालवाहू जहाजावर काढलेला माणूस जहाजाला घाबरतो?

* * *

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी सकाळी, भोवरा दारामागचा रद्दीचा गठ्ठा उपसत होता. विमानं करायला त्याला कोरे कागद हवे होते. वर्तमानपत्रांच्या खाली त्याला रबरबँड लावलेल्या छोट्या डायऱ्या सापडल्या. तपकिरी पुठ्ठ्याच्या, खिशात मावतील एवढ्या. एकूण सव्वीस.

"ताई! आजोबांच्या डायऱ्या! रद्दीत!"

"कसं शक्य आहे? त्या तर त्यांच्या ट्रंकेत असतात. कोणाला हात लावू देत नाहीत."

"म्हणजे त्यांनीच टाकल्या," पेन्सिल म्हणाली. "काल सप्टेंबर ठरला आणि आज डायऱ्या रद्दीत. हे काहीतरी विचित्र आहे."

तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. दुसऱ्याच्या डायऱ्या वाचाव्यात की नाही, यावर ताईने बराच वेळ विचार केला. "रद्दीवाल्याने वाचण्यापेक्षा आपण वाचलेल्या बऱ्या," असं शेवटी तिने ठरवलं, तरी पहिलं पान उलटताना तिला चोरट्यासारखंच वाटत होतं.

आजोबा मोजकंच लिहीत. 'दोन जानेवारी. उकाडा. सदरा दोनदा बदलला.'

"थांब!" पेन्सिल ओरडली. "कोणती जागा?"

"पत्रकातलं पाचवं बेट!" ताईने पानावरचं नाव वाचलं.

"मग पत्रकात जानेवारीला कडाक्याची थंडी कशी?"

 मग त्यांना दुसरी गोष्ट दिसली. त्या पाचव्या बेटाचं नाव जिथे जिथे आलं होतं, तिथे समासात एक इवलीशी होडी काढलेली होती. कुठे सरळ, कुठे पालथी.

"पालथी म्हणजे बुडाली!" भोवऱ्याने निकाल दिला.

"इतक्या वेळा बुडाले असते तर तुला सायकल कोणी शिकवली असती?" ताई म्हणाली.

पेन्सिलने तोवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारायला घेतल्या होत्या. "अर्थ नंतर कळेल. आधी मोजू. आपल्याला मोठ्या सुट्ट्या तीन. सप्टेंबरची, वर्षअखेरची आणि एप्रिलच्या शेवटी सुरू होणारी. त्या दिवसांतल्या होड्या सांगा."

सप्टेंबरात पाच होड्या निघाल्या. पाचही पालथ्या! वर्षअखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा, सात होड्या. त्यांतल्या दोनच सरळ. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत नऊ, त्यांतल्या आठ सरळ.

"आता पत्रक कोणी लिहिलं ते बघायला हवं," ताई म्हणाली आणि तिने चपला घातल्या.

* * *

सहलींचं ऑफिस बाजारातल्या एका दातांच्या दवाखान्याखाली होतं. वर ड्रिलची घरघर, खाली पंख्याची. पंख्याने पत्रकं उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक शिंपला ठेवलेला. मालकांना सगळे पॅकेजकाका म्हणत, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात तो शब्द असायचाच.

"या या! सप्टेंबर पॅकेजवाली मंडळी ना?"

"काका, तिथे जानेवारीत खूप थंडी असते का?" पेन्सिलने भोळ्याभाबड्या आवाजात विचारलं.

"बाप रे! दात वाजतात! हा बघ तक्ता, मी स्वतः केलाय."

"मग ही माणसं जानेवारीत पाण्यात काय करतायत?"

पॅकेजकाका वळले. भिंतीवर त्यांच्याच प्रवाशांचे फोटो लावलेले होते. एका फोटोत एक जाडजूड कुटुंब गळ्यापर्यंत समुद्रात उभं होतं आणि सगळ्यांच्या हातात आइस्क्रीम होतं. कोपऱ्यात तारीख छापलेली: सहा जानेवारी.

"अं... काही लोकांना थंडी वाजत नाही," काका म्हणाले.

"आणि हा सप्टेंबरचा!" भोवरा स्टुलावर चढला होता. "यात सगळे आत बसून पत्ते खेळतायत. बाहेरच्या खुर्च्या दोरीने बांधून ठेवल्यात! का हो?"

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. ताईने शांतपणे तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: 'हवामान, जहाज सुटण्याचे बंदर.'

"काका, जहाज सुटतं ते शहर कुठे आणि बेटं कुठे! मध्ये तीन दिवसांचा समुद्र आहे. तुम्ही सगळ्यांना शहराची हवा सांगताय!"

वरचं ड्रिल थांबलं. पॅकेजकाका खुर्चीत टेकले.

"दहा वर्षं हाच तक्ता वापरतोय मी," ते म्हणाले. "कोणी कधी विचारलंच नाही."

"तुम्ही स्वतः कधी गेलात तेव्हा लक्षात नाही आलं?"

"मी?" काका केविलवाणे हसले. "मला जहाज लागतं गं. साध्या होडीतसुद्धा पिशवी घेऊन बसतो मी!"

भोवरा हसून हसून स्टुलावरून पडला. काकांनी मात्र तक्ता भिंतीवरून काढला, उलटा करून ठेवला आणि तिघांना खरा हवामान अंदाज कुठून मिळतो ते शोधून दिलं. सप्टेंबर हा तिथला ऐन वादळांचा महिना होता. हे काकांनी मोठ्याने वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. चूक कळल्यावर ती मान्य करणारा माणूस वाईट नसतो, एवढं ताईच्या मनात आलं.

* * *

आजोबा सदऱ्यांना इस्त्री करत होते. बोटीवर लागलेली सवय. ताईने डायऱ्यांचा गठ्ठा हळूच इस्त्रीच्या टेबलावर ठेवला.

"आजोबा, आम्ही वाचल्या. रागवा हवं तर."

आजोबा रागावले नाहीत. इस्त्री बाजूला उभी करून त्यांनी वरच्या डायरीवरून अंगठा फिरवला.

"पालथी होडी म्हणजे काय?" भोवऱ्याला दम निघेना.

"म्हणजे न उतरता परत. त्या बेटाच्या खाडीत मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज लांब उभं राहतं आणि माल नि माणसं होडीतून किनाऱ्यावर न्यायची. ते काम माझं. पण लाटा असल्या की होडी जहाजावर आपटते. मग कप्तान म्हणतो, नको."

"म्हणून सप्टेंबरात पाचही पालथ्या! वादळं!" पेन्सिल म्हणाली. "पण जानेवारीत तर आभाळ स्वच्छ लिहिलंय तुम्ही."

"आभाळ स्वच्छच. पण त्या दिवसांत लांब उत्तरेला समुद्र खवळतो आणि तिथल्या लाटा चालत चालत या खाडीपर्यंत येतात. खाडीचं तोंडच उत्तरेला ना! वर ऊन, खाली लाट. पत्रकात नाही सापडायचं हे."

"आणि होड्या फक्त त्याच बेटाच्या का? तिथे तुमचं कोण आहे?" ताईने विचारलं.

आजोबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "आमच्या बोटीवरचा स्वयंपाकी. वीस वर्षं एका खोलीत झोपलो आम्ही. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा बारा दिवस त्याने मला चमच्याने भरवलं. तो त्या खाडीकाठच्या गावात स्थायिक झाला. आता त्याचे पाय चालत नाहीत. दर नव्या वर्षाला पत्र येतं. 'कधी येतोस?' एवढंच लिहितो."

"मग तुम्ही बाबांना का नाही सांगितलंत?"

"तुझ्या बापाने पाच वर्षांत एक सुट्टी घेतलेली नाही. एवढ्या हौसेने ठरवलंय त्याने. त्यात मी माझी एक खाडी घेऊन कुठे मध्ये येऊ? आणि खरं सांगू का? कठड्याशी उभं राहून ते गाव लांबून बघायचं आणि मागे फिरायचं, हे मी पुष्कळ वेळा केलंय. आता नाही सोसवणार. त्यापेक्षा निवडुंगाला पाणी घालेन."

 कालपासून घरातल्या कोणीच आजोबांना एक साधा प्रश्न विचारला नव्हता. तिनेही नाही. तिने फक्त तलावाचं विचारलं होतं.

* * *

शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या टेबलावर कॅलेंडर पालथं पसरलं गेलं. पेन्सिलने सगळं क्रमाने सांगितलं. बाबा आधी उसळले ("पत्रकात छापलंय!"), मग पॅकेजकाकांचा माफीचा फोन आला आणि ते खाली बसले.

"बरं, मग वर्षअखेर जाऊ," ते म्हणाले. "सगळं जग तेव्हाच जातं. हवा उत्तम!"

"सातातल्या पाच पालथ्या," पेन्सिल म्हणाली.

"अगं, पाच बेटांतलं एक चुकलं तर काय बिघडलं?"

"आपलं काही नाही बिघडत, बाबा," ताई म्हणाली. "आपल्यासाठी पाच आहेत. आजोबांसाठी एकच आहे."

मग तिने स्वयंपाक्याची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर आईने डोळे टिपले आणि बाबांनी पत्रक बाजूला सारलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीचा एप्रिल," आई सावकाश म्हणाली. "पण ताई, तेव्हा तर तुझं शिबिर आहे."

जलतरणाचं शिबिर! दोन वर्षं वाट बघून, चाचणी देऊन ताईची त्यात निवड झाली होती. सगळे तिच्याकडे बघू लागले. आजोबा दारात येऊन उभे होते. "अजिबात नाही," ते म्हणाले. "पोरीचं शिबिर आधी."

 ताई उठून गॅलरीत गेली. शिबिराच्या तलावातली निळ्या पाण्याची ती लांब पट्टी तिला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि ती सोडायची नव्हती, अगदी मुळीच नव्हती. रडूही थोडं आलं. मग ती आत आली.

"माझी निवड आणखी एक वर्ष पुढे ढकलता येईल का, सरांना विचारेन. नाही म्हणाले तर नाही. पण आजोबा, तुमचे मित्र इतके दिवस थांबतील ना?"

"पंचवीस वर्षं थांबलाय," आजोबा म्हणाले. "आणखी दहा महिने म्हणजे काय!"

* * *

मेच्या पहिल्या रविवारी सकाळी जहाज त्या खाडीसमोर उभं राहिलं. सर हो म्हणाले नव्हते. पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी दे, एवढंच म्हणाले होते.

पाणी टेबलावर पसरलेल्या चादरीसारखं सपाट होतं. होडी खाली सोडली गेली. आजोबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि ते कठडा घट्ट धरून उभे होते. चालकाने हात पुढे केला, पण आजोबा जिन्यावरून असे उतरले की चालक बघतच राहिला!

किनाऱ्यावर लाकडी फळ्यांच्या टोकाला चाकांच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. त्याच्या मांडीवर झाकण घट्ट लावलेला डबा होता, आणि डब्यावर एक चमचा.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"लाटा होत्या," आजोबा म्हणाले आणि खाली बसून त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

 भोवरासुद्धा पाच मिनिटं एका जागी उभा राहिला, आणि आईने ताप बघितला नाही.

बाबांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "मी रोज लोकांच्या नजरा तपासतो," ते म्हणाले. "आणि घरातलं मलाच दिसलं नाही. शाबास रे तुमची! पुढची सुट्टी ठरवताना मी आधी सगळ्यांना विचारणार."

"आणि तक्ता खालपासून वाचणार!" पेन्सिल म्हणाली.

परत जाताना आजोबांनी खिशातून एक नवी तपकिरी डायरी काढली. तारीख लिहिली, बेटाचं नाव लिहिलं. समासाशी येऊन ते थांबले आणि त्यांनी पेन्सिलच्या कानामागची पेन्सिल काढून ताईच्या हातात दिली.

"मी?" ताई म्हणाली.

"ही तुझीच."

होडी जराही डोलत नव्हती, तरी ताईने डायरी गुडघ्यावर घट्ट धरली. आणि अगदी सावकाश, एकही रेघ वाकडी जाऊ न देता, तिने एक छोटीशी सरळ होडी काढली.