तामाती 'भिंती'त जाईना

ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी खुशाल ठेवू नये. मीही ठेवला नसता. पण हे जिच्या बाबतीत घडलं ती मेरेआना माझ्या बायकोची मावसबहीण आहे, आणि उगाच काहीबाही सांगत सुटणारी ती बाई नव्हे. शाळेत गणित शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून भांडी घासायला जाते.

गेल्या जुलैतला शनिवार. आमच्याकडे तेव्हा थंडीचे दिवस. जागा आमच्या खाडीवरचा मराए, म्हणजे आमच्या कुळाचं सभाघर आणि त्याभोवतीचं आवार, गिझ्बर्नहून गाडीने दीड तास वर.

वेळ दुपारची होती. लख्ख ऊन पडलं होतं.

रात्र असती तर बरं झालं असतं, असं मेरेआना म्हणते. निदान झोपेतला भास म्हणून सोडून देता आलं असतं.

त्या दिवशी तिच्याकडे एकच काम होतं. मराएच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरमधले सगळे फोटो नव्या लॅपटॉपवर घ्यायचे. जुनं यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं. चालू केलं की आतला पंखा घरघरायचा, आणि मनात येईल तेव्हा सगळं बंद पडायचं.

फोटोंचे दोन फोल्डर होते. 'भिंत' आणि 'घर'.

'भिंत' म्हणजे सभाघराच्या मागच्या भिंतीवर ज्यांचे फोटो लागलेत ते. गेलेले सगळे. 'घर' म्हणजे आपण, हयात असलेले. जिवंत माणसाचा फोटो गेलेल्यांच्यात लावायचा नाही. चुकूनसुद्धा नाही. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही, आणि कॉम्प्युटरमध्येही ही सरमिसळ कुणी होऊ दिली नव्हती.

तामातीचा फोटो 'घर'मध्ये होता.

तामाती मेरेआनाचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी होडी घेऊन शेवंड धरायला गेला. होडी सापडली. तो सापडला नाही. कित्येक दिवस खाडीत मासेमारी बंद होती, सगळा गाव किनारा पालथा घालत होता. शेवटी लोकांनी त्याला गेलेला धरलं.

आईने धरलं नाही. विकितोरिया त्याचा फोटो भिंतीवर लावूच देईना. माझा मुलगा मला दाखवा, मग लावा, एवढंच म्हणायची. वर्षानुवर्षं खिडकीपाशी बसून राहायची.

आता तिची ऐंशी उलटली होती. फुप्फुसं साथ देत नव्हती. आणि जूनमध्ये एके सकाळी चहा पिताना ती आपणहून म्हणाली, "त्याला लाव आता भिंतीवर. म्हणजे मला त्याच्या शेजारी लावता येईल."

मेरेआना न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडली. त्या रात्री आई कितीतरी वर्षांनी सलग झोपली.

रविवारची प्रार्थना ठरली. ऑकलंडहून, सिडनीहून नातेवाईक निघाले. आईचं मन पुन्हा फिरायच्या आत हे उरकायला हवं होतं. आणि तामातीचा धड असा एकच फोटो शिल्लक होता, त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. चौकड्यांचा शर्ट, उन्हाने बारीक झालेले डोळे, वय चोवीस.

मेरेआनाने त्याचं नाव घेतलं. छोटी प्रार्थना म्हटली. मग तो फोटो स्वतःच्या हाताने 'घर'मधून उचलून 'भिंत'मध्ये ठेवला.

ड्राइव्ह लावला. सगळं नव्या लॅपटॉपवर घेतलं. लॅपटॉपवर 'भिंत' उघडली...

आजोबा होते. पणज्या होत्या. युद्धावर गेलेले काका होते.

तामाती नव्हता.

तिने 'घर' उघडलं. तिथे तो होता, भाचरांच्या फोटोंच्या मधोमध.

तिला वाटलं, आपलीच गडबड झाली असणार. डोळ्यांत पाणी होतं, भलतीकडे टाकला असेल. तिने जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा बघितलं. तिथे तो बरोबर 'भिंत'मध्ये होता. तिने लॅपटॉपवरचं सगळं पुसून पुन्हा पाठवलं.

आणि तेव्हा तिला तो आवाज आला...

पाण्याचा.

दफनभूमी ऑफिसच्या मागेच आहे, चढावर. तिच्या फाटकाशी एक नळ आहे. गेलेल्यांना भेटून बाहेर पडलं की तिथे हात धुवायचे, अंगावर पाणी शिंपडायचं, मगच पुढे यायचं.

नळ सोडल्याचा आवाज होता तो. थोडा वेळ धार वाहिली. मग कुणीतरी नळ बंद केला.

ती खिडकीशी गेली. फाटकाशी कुणीच नव्हतं.

लॅपटॉपवर तामाती पुन्हा 'घर'मध्ये होता.

तिचा मावसभाऊ रावीरी शेजारच्या स्वयंपाकघरात उद्यासाठी रताळी सोलत होता. तिने त्याला हाक मारली. रावीरी म्हणजे सदा टिंगल. हात पुसत आला आणि म्हणाला, "ताई, पोरांना गणितं घालतेस आणि तुला एक फोटो हलवता येत नाही? सरक."

त्याने फोटो 'भिंत'मध्ये असल्याची खात्री केली. तिलाही दाखवला. ड्राइव्ह लावला.

बाहेर पाणी वाहायला लागलं...

"चढावर कोण गेलंय?" रावीरीने विचारलं.

"कुणी नाही. सगळे सामान आणायला गावात गेलेत."

तो तरातरा बाहेर गेला. परत आला तेव्हा चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. नळ घट्ट बंद होता म्हणे. पण खालची फरशी ओली होती.

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग दोघांनी मिळून लॅपटॉपवर फोटो उघडला.

तोच शर्ट. तेच उन्हाने बारीक झालेले डोळे.

पण कानांजवळचे केस... पिकलेले होते.

मेरेआनाने जुन्या पडद्याकडे पाहिलं. तिथे चोवीस वर्षांचा तामाती. नव्या पडद्यावर चाळिशी ओलांडलेला माणूस. कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली सुरकुत्या. त्यांचे वडील त्या वयात अगदी असेच दिसायचे.



"मावशीला सांगायचं नाही," रावीरी म्हणाला.

तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला. विकितोरिया दारात उभी होती, धापा टाकत. उद्या लागणारा फोटो तिला आधी बघायचा होता.

मेरेआना सांगते, तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब क्षण तो होता. हे दाखवलं तर आई पुन्हा खिडकीत जाऊन बसणार. महिनाभर लाभलेली झोप गेली. उरलेले चार दिवसही ती वाटेकडे डोळे लावून काढणार. आणि नाही दाखवलं तर... तो जर कुठे असेल तर?

तिने लॅपटॉप मिटला.

"गिझ्बर्नला छापायला पाठवला, आई. उद्याच बघ."

आई गेल्यावर तिने मोबाइल काढला आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरचाच फोटो टिपून घेतला. मोबाइलमध्ये तो तरुणच आला. तिने मोबाइल खाली ठेवला आणि पंख्याची घरघर थांबली. पडदा काळा झाला. ते यंत्र पुन्हा कधीच चालू झालं नाही.

रविवारी मोबाइलमधला तो फोटो छापून भिंतीवर लागला. सगळे रडले. विकितोरिया काठी टेकत पुढे गेली आणि काचेवरून हात फिरवत राहिली. मग तिने मेरेआनाला जवळ ओढलं आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "आता तो असा दिसत नसेल, नाही गं पोरी?"

मेरेआनाने तिची काठी सावरून दिली.

प्रार्थना संपल्यावर मंडळी दफनभूमीत जाऊन आली. बाहेर पडताना हात धुवायला फाटकाशी पोचली, तर नळ आधीच वाहत होता. प्रत्येकाला वाटलं, पुढच्याने सोडला असेल.

पुढे मेरेआना आणि रावीरी होते. दोघांनीही नळाला हात लावला नव्हता.

ऑगस्ट संपायच्या आत विकितोरिया गेली. झोपेतच, शांतपणे. तिच्या इच्छेप्रमाणे तिचा फोटो तामातीच्या शेजारी लागला. रावीरी या विषयावर एक शब्द बोलत नाही. कुणी विषय काढला तर उठून जातो.

लॅपटॉपवरचा फोटो मी स्वतः पाहिलाय. दोनदा, सात महिन्यांच्या अंतराने. पहिल्यांदा दाढी नव्हती. दुसऱ्यांदा होती, आणि निम्मी पांढरी होती.

त्या दिवशी मेरेआनाने मला विचारलं, "उतरवू का रे त्याला? जिवंत माणसाला मी तिथे लावून बसलेय. पण उतरवला तर आई एकटी पडते."

मी लॅपटॉप मिटून बाजूला सरकवला. फोटो अजून भिंतीवरच आहे.

दर रविवारी ती लॅपटॉप उघडते. आधी 'घर' बघते. तो असतो, मागच्या वेळेपेक्षा जरा थकलेला. तिला खात्री आहे की एक दिवस तो तिथे नसेल. त्याला कुणी न हलवता 'भिंत'मध्ये गेलेला असेल. तोवर तिला झोप नाही. सभाघरातून येता-जाता त्या दोन फोटोंकडे ती मान वर करून बघत नाही, आणि घरी आली की खिडकीपाशी बसून राहते.