नेमसिंगच्या विहिरीचा तळ

मुकुटबनजवळच्या तांड्यावर नेमसिंगच्या विहिरीत इंजिनाचा पाइप सुटून पडला. तो काढायला दोघे मिस्त्री भाऊ आले, अब्दुल गनी आणि धाकटा गफ्फार. काम अर्ध्या दिवसाचं. विहीर नेमसिंगच्या बापानं खोदलेली, पाणी सात परस. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस.

गळ सोडला, तो सात परसांवर टेकला नाही. परसापरसाला गाठ मारलेला चाळीस परसांचा दोर संपला, तरी गळ लोंबतच होता.

गफ्फारनं वर ओढलेल्या गळाचं लोखंड चाटलं. "भाऊ, खारं हाय!"

नेमसिंग हसला. "आमच्या बुढ्यायनं बैलायवर मीठ वाह्यलं, पन विहिरीत नाई टाकलं बाप्पा."

साल साठ. दोन माणसं लोखंडी गोळ्यात बसून समुद्राच्या तळाशी जाऊन आली, सात मैल खाली, ही बातमी गफ्फारनं पेपरातून कापून खिशात ठेवली होती. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पण त्याच्या डोक्यात एकदा भुंगा शिरला की संपलंच! पंधरा दिवसांत त्यानं विहिरीत उतरायला तेलाच्या डब्याला काच बसवून टोप केला, कमरेला शिसं बांधलं आणि हवेसाठी लोहाराच्या भात्याला बारा परस रबरी नळी जोडली.

आईबापाविना वाढवलेल्या भावाला नाही म्हणणं अब्दुल गनीला कधी जमलंच नाही. त्यानं एवढंच ठरवून घेतलं, की कमरेला बांधलेला तो गाठींचा दोर आपल्या हातात राहील. एक झटका म्हणजे ठीक आहे, सोड. दोन झटके म्हणजे वर ओढ. त्याशिवाय ओढायचं नाही, कारण अवचित हिसका बसला तर टोप निसटेल.

टळटळीत दुपारी गफ्फार उतरला. नेमसिंग भाता मारू लागला. अब्दुल गनी गाठी मोजत होता.

"बारा झाले, गनीभाई. नळी संपली. आता नका सोडू."

अब्दुल गनीनं मूठ आवळली. खालून एक झटका आला. बऱ्याच वेळानं पुन्हा एकच, असा की तळहात सोलला.

त्यानं दोर सोडला.

पंधराव्या गाठीला नळीचं टोपातून सुटलेलं तोंड पाण्यावर आलं. भात्यासरशी त्यातून बुडबुडे निघत होते.

"ओढा नं! कायले थांबले?" नेमसिंग ओरडला.

एक झटका.

"जित्ता हाय तो," अब्दुल गनी म्हणाला. "तोच सोड म्हनून राह्यला."

तो रडत होता आणि सोडत होता. मेलेला माणूस झटका देत नाही, एवढंच त्याला कळत होतं. चाळिसावी, शेवटची गाठ मुठीत आली.

मग किती वेळ काहीच नाही. ऊन कललं तेव्हा दोन झटके आले.

दोघांनी जीव खाऊन ओढलं. दोर शेवटपर्यंत जड होता, माणसाएवढा.

काठावर नुसता फास आला. गाठ सुटलेली नव्हती. फास अजून गफ्फारच्या कमरेएवढाच होता.

अब्दुल गनी दोर धरून खाली बसला. सगळा दोर दगडावर पडला होता, दोन्ही टोकं उन्हात. मधला भाग तेवढा त्याच्या मुठीत राहिला होता.

त्या दोराला दोन झटके बसले.

मग पुन्हा दोन, घाईनं.