आरपार दिसणारं चाक

चाकातून पलीकडचा रस्ता दिसत होता. टायरमधून रस्ता दिसायला लागला की तो टायर संपला, एवढं तरी टायरवाल्याच्या घरात जन्मलेल्या रूथला कळत होतं. पण या चाकात भोकं मुद्दाम ठेवलेली होती. त्यात हवा भरायचीच नव्हती, त्यामुळे पंक्चर व्हायचा प्रश्नच नव्हता. तरीही ते निकामी झालं होतं. मधल्या पट्ट्या मऊ पडून तुटल्या होत्या आणि त्यापुढे एस्तेर आत्या घरातलं कोणी गेल्यासारखी बसली होती.

आत्या पुण्याच्या एका संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती. बिनहवेचं चाक हा तिचा ध्यास. "तिकडे हे महिनोन्महिने फिरलं," ती म्हणाली, "मग इथं आठ दिवसांत कसं गेलं?" कारण सापडलं नाही तर केंद्र हे काम कायमचं गुंडाळणार होतं.

रूथचे पप्पा, शमुवेल भांबळ, पलीकडे जॅक पुसत होते. तो कधीचाच स्वच्छ झाला होता. शेवगावच्या रस्त्याला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. हल्ली गाड्या विजेवर धावत होत्या, काही तर चालकाविना. पण खिळा लागला की सगळ्या मुकाट पप्पांच्या दारात यायच्या. आत्याचं चाक चाललं की तेही बंद होणार. तरी चाचणीची चाकं तिनं लावली कुठे, तर सख्ख्या भावाच्याच पिकअपला! खूप शिकलेल्या माणसांना कधीकधी एवढंही सुचत नाही.

"आत्या, हवा नाही तर गाडीचं वजन पेलतं कोण?" रूथनं विचारलं.

"हे आरे," आत्या म्हणाली. (आरे म्हणजे चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत जाणाऱ्या पट्ट्या.) "आता सांग, वजन खालच्या आऱ्यांवर असेल की वरच्या?"

"खालच्या. खुर्ची नाही का पायांवर उभी असते!"

"सगळे हेच म्हणतात. पण खालचे आरे दाबून बघ. लगेच वाकतात. ते काय पेलणार? बाहेरचं कडं मात्र कमानीसारखं ताठ आहे. कड्याच्या वरच्या भागाला आरे धरून आहेत आणि त्या आऱ्यांना तुंबा लटकलाय." (तुंबा म्हणजे चाकाचा मधला गोल भाग.) "गाडी चाकावर उभी नसते रूथ, चाकात टांगलेली असते."

रूथनं डोळे बारीक केले. "म्हणजे झोपाळा! वर फांदी, खाली आपण."

"अगदी बरोबर. फक्त चाक फिरतं, म्हणून दर क्षणाला फांदी बदलते. आरा वर आला की ताणला जातो, खाली गेला की सैल पडून वाकतो."

"मग तुटले का?"

आत्यानं जमिनीवरचा तारेचा तुकडा उचलून तिच्या हातात दिला. "ही तार भराभर वाकव, सरळ कर. आता वाकवल्या जागी बोट लाव."

"गरम लागतंय!"

"आरेही असेच तापतात. म्हणून तर मध्ये मोकळी जागा ठेवलीय. गाडी पळते तसा वारा आरपार जातो आणि उष्णता घेऊन जातो. मग इथं काय झालं? इथला वारा काय वेगळाय?"

रूथनं तार खाली ठेवली. काय झालं ते तिला ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात पिकअप उसाच्या रानात गेली होती. काळा चिखल आऱ्यांमध्ये बसला आणि वाळून दगड झाला. गाडी धडधडायला लागली. पप्पांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं, भोक दिसलं की बुजवायचं. त्यांनी चिखल खरवडून काढला, जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापले आणि चाकांना दोन्ही बाजूंनी चिकटवून टाकले. चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा रूथनंच धरला होता. "एस्तूला हे सुचलं नसतं," पप्पा खुशीत म्हणाले होते. मनात काही पाप नव्हतं. पण काल चाक तुटलं, आत्या येतेय म्हणून कळलं, आणि पप्पांनी ते तुकडे ओरबाडून काढून चाकं पेट्रोलनं पुसली. ते साफसफाई करताहेत असं तेव्हा रूथला वाटलं होतं.

तिनं पप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. बोलावं तर दुकान जातं, न बोलावं तर आत्याचं चाक जातं. रूथला दोघांचाही राग आला.

"आत्या," ती चाचरत म्हणाली, "भोकं झाकली तर काय होईल?"

"आतल्या आत तापून आरे मऊ पडतील. पण झाकेल कोण..." आत्या थांबली. वाकून तिनं चाकाचा वास घेतला. पेट्रोल!

"मी झाकली," पप्पा म्हणाले. "चिखल जाऊ नये म्हणून. तुटलं तेव्हा हात लावला तर चटका बसला. तेव्हाच समजलं मला."

"आणि सांगितलं नाहीस, दादा?"

"का सांगू? ह्याच दुकानावर शिकलीस तू, एस्तू. आणि शिकून ह्याच दुकानावर नांगर फिरवायला निघालीस!"

"बाबा हवा भरतानाच गेले ना रे?" आत्याचा आवाज फाटला. "ट्रकचा टायर फुटून? तुझ्या डोळ्यांदेखत? मला ती हवाच नको होती."

रस्त्यावरून दोन गाड्या न थांबता निघून गेल्या.

"सांग तुझ्या लोकांना," अखेर पप्पा म्हणाले. "चाक चांगलंय. बिघडवलं मी. पण चिखलाचं बघा काहीतरी. काळ्या रानात हे असं नाय चालायचं."

रूथ चाकाभोवती फिरत होती. "जाळीसारखं झाकण केलं तर? आऱ्यांबरोबर वाकेल, वारा सोडेल, पण चिखल अडवेल?"

"व्हायला हवं," आत्या सावकाश म्हणाली. "पण अवघड आहे. आमच्याकडे अजून कोणाला जमलेलं नाही."

"मी करीन. मोठी झाले की."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. चिखल अडला की हे चाक रानातही चालणार होतं, आणि मग पप्पांच्या दारात ट्रॅक्टरसुद्धा येणार नव्हता.

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मग लवकर मोठी हो," ते म्हणाले आणि आत निघून गेले.