ओळीखालचं बोट

चष्मेवाल्या सिस्टरांना भुताखेतांची भीती वाटत नसे. त्यांना भीती दोनच गोष्टींची, एक चढाची आणि दुसरी मोठ्या फादरांची. त्या दिवशी दोन्ही एकदमच वाट्याला आल्या होत्या.

वरच्या वस्तीला गाडीरस्ता नाही. खालच्या गावापासून आठ तासांची पायवाट, तीही अशी की भल्याभल्यांचे गुडघे बोलायला लागावेत. सिस्टर अंगानं भरलेल्या, वय पंचावन्न, आणि तोंड असं की बंद दिसलं तर समजावं, झोप लागलीय. वर्षातून एकदा त्या पत्र्याची पेटी पाठीला बांधून वर जायच्या. पेटीत काय, तर जुने चष्मे. शहरात मंडळींपैकी कुणी वारलं की घरचे लोक कपडे वाटून टाकतात, काठी माळ्यावर टाकतात, पण चष्म्याचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. टाकवत नाही आणि घालताही येत नाही. मग ते चष्मे चर्चच्या दाराशी ठेवलेल्या खोक्यात येऊन पडायचे. सिस्टर ते साबणाच्या पाण्यात धुवायच्या, नंबर मोजून काडीला चिठ्ठी चिकटवायच्या आणि डोंगरातल्या म्हाताऱ्यांच्या नाकावर नेऊन बसवायच्या.

"मी गेले की माझाही ह्यातच टाका," असं त्या स्वतःच्या काचा पुसत हसून सांगायच्या.

तर त्या वर्षी वस्तीवर संकट आलं होतं, आणि आणलं होतं एका कुत्र्यानं.

झालं असं. मोठे फादर दोन महिन्यांतून एकदा वर उगवायचे. एरवी दर रविवारी प्रार्थनाघरात पवित्र पुस्तक वाचायचे ते मास्तर. चाळीस वर्षं. उंच, वाळकुडे, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर तरुणपणीच कुऱ्हाडीखाली गेलेलं. ते तुटकं बोट हवेत नाचवत ते असं वाचायचे की लोक श्वास घ्यायचे विसरत. पण अलीकडे मास्तरांना जवळचं दिसेना. हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, कबूल नव्हतं ते फक्त मास्तरांना. पुस्तक उघडं धरून ते पाठ असलेलं म्हणायचे आणि अडलं की पदरचं घालायचे. हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीत त्यांनी मेंढपाळाला एक कुत्रा देऊन टाकला. पुढच्या वर्षी तो कुत्रा लंगडा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी मेंढरू सापडलं ते कुत्र्यामुळेच. लोकांना तो इतका आवडला की पोरं मेंढराबद्दल विचारीनाशी झाली.

हा कुत्रा एक दिवस मोठ्या फादरांच्या कानावर गेला.

"पुस्तकातलं आहे तसं वाचणारं माणूस हवं," फादर म्हणाले. "नाहीतर प्रार्थनाघराला कुलूप लावू. रविवारी लोकांनी खाली यावं."

खाली यावं! सहा तास उतरायचं आणि आठ तास चढायचं. म्हातारीकोतारी कुठून येणार? शिवाय त्याच एका खोलीत आठवडाभर पोरांची शाळा भरायची, औषधांचं कपाटही तिथलंच. कुलूप लागलं की सगळंच गेलं. म्हणून मास्तरांना आज चष्मा बसायलाच हवा होता. फादर मागून खेचरावर बसून येत होते, सिस्टरांच्या हाती जेमतेम तासभर होता.

दुपारचे तीन वाजले असतील. ढग डोंगरावरून थेट दारापर्यंत उतरले होते. खोलीत ओल्या लाकडाचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास होता, आणि बाहेर इतकं शांत की पन्हळीतून गळणारा थेंब मोजता यावा. मास्तर बाकावर ताठ बसले होते. त्यांची सून दाराला टेकून उभी होती, बोलायला फटकळ आणि मनानं लोणी.

"मला दिसतं," मास्तर म्हणाले.

"दिसतं तर," सून म्हणाली. "काल दळणाच्या पिशवीला रामराम केलात. मामंजी, आम्हाला फसवा, देवाला तरी सोडा."

सिस्टरांची रीत साधी होती. चष्मा चढवायचा, हातात सुई-दोरा द्यायचा. दोरा ओवला गेला की चष्मा बसला. एक झाला, दोन झाले, वीस झाले. दर वेळी दोरा सुईच्या बाजूनं निघून जायचा. सिस्टरांच्या कपाळावर घाम आला. बाहेर खेचराची घंटी वाजायला लागली, अजून लांब होती, पण येत होती.

पेटीच्या तळाशी एक गोल काचांचा चष्मा उरला होता. त्याच्या काडीला चिठ्ठी नव्हती. सिस्टरांनी तीनदा चिकटवली होती आणि तिन्ही वेळा ती सकाळी सुटून पडलेली असायची. घाईघाईत त्यांनी तो मास्तरांच्या नाकावर ठेवला आणि लगेच जीभ चावली. काचांमागे मास्तरांचे डोळे बटणाएवढे बारीक दिसत होते. म्हणजे हा लांबचं पाहायचा चष्मा, मास्तरांना हवा त्याच्या अगदी उलटा.

"काढा, काढा. चुकून दिला."

पण मास्तरांनी तोवर पुस्तक उघडलं होतं. ते वाचायला लागले, घडाघडा. कुत्रा नाही, काही नाही, छापलं होतं तसं. सून दारापासून पुढे आली. सिस्टरांनी सुई पुढे केली, तर मास्तरांनी दोरा थेट स्वतःच्या बाहीत घातला. पुन्हा पुस्तक दिलं, पुन्हा घडाघडा.

"मास्तर... हे तुम्हाला दिसतं कसं?"

"सगळं कुठे दिसतं," मास्तर म्हणाले. "नुसतं धुकं आहे. पण बोट फिरतंय ना ओळीखालून. ते जिथे असतं तिथलं अक्षर लख्ख दिसतं."

"कुणाचं बोट?"

"बाईमाणसाचं." मास्तर पुस्तकावर वाकले. "नख बारीक कापलंय. नखाखाली शाई आहे. मला वाटलं, तुमचंच."

सिस्टरांनी आपले दोन्ही हात पाहिले. ते पेटीच्या झाकणावर होते.

एवढ्यात खेचर दारात आलं आणि विचार करायला वेळच उरला नाही. फादर आत आले, ओले, दमलेले आणि म्हणूनच जरा जास्त कडक. त्यांनी मुद्दाम असं पान काढलं की जे कुणाच्या बापालाही पाठ नसेल, पूर्वजांची ती लांबलचक यादी, अमक्याला तमका झाला आणि तमक्याला फलाणा. वस्तीतली सगळी माणसं खिडक्यांना चिकटली होती.

मास्तरांनी दोन्ही हात काठीवर ठेवले आणि सुरुवात केली. एक नाव अडलं नाही. फादर दुसऱ्या पुस्तकात बघून पडताळत होते, त्यांची भुवई हळूहळू वर चढत होती. सिस्टर मास्तरांच्या खांद्यामागे उभ्या होत्या. आधी त्यांना वाटलं, भास आहे. मग त्यांनी नीट पाहिलं. पानाचा पातळ कागद एका जागी किंचित दबत होता. अगदी बोटाच्या टोकाएवढा. तो खळगा डावीकडून उजवीकडे सरकत होता, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होता... आणि पान संपलं तेव्हा पान उलटलं. मास्तरांचे दोन्ही हात काठीवरच होते.

"वारा," फादर म्हणाले.

खिडक्या बंद होत्या. सिस्टरांच्या मानेवर काटा आला, पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खालून त्यांना हसूही फुटत होतं, कारण फादरांनी पुस्तक मिटलं होतं.

"छान! सिस्टर, कितीचा नंबर बसला?"

खोटं बोलणं सिस्टरांना वर्ज्य होतं. "बसलाय, फादर," त्या म्हणाल्या. "छान बसलाय."

वस्तीनं असा जल्लोष केला की खेचर बिथरून पळालं आणि फादरांना ते पकडायला अर्धी टेकडी उतरावी लागली.

निघताना सिस्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "भीती नाही वाटत?"

"भीती कसली? चाळीस वर्षं एकटाच वाचतोय, सिस्टर. आता सोबत आहे." मग आवाज खाली आणून ते कुरकुरले, "बाई चांगली आहे हो, पण घाई फार. मी जरा रंगात येऊन थांबलो की पानावर टकटक करते. कुत्र्याला तर जागाच देत नाही."

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग निरोप आला की मास्तर झोपेतच गेले. सिस्टर खूप रडल्या. आणि डोळे पुसेपर्यंत मोठ्या फादरांचा दुसरा निरोप आला. वर जाऊन या, वाचणारं कुणी नसेल तर कुलूप लावून किल्ली घेऊन या.

तो चढ सिस्टरांना जन्मात इतका जड गेला नव्हता. पेटी तीच होती, पण खिशात कुलूप होतं. वस्तीत पोचल्या तेव्हा तसेच ढग उतरलेले, तीच ओल्या लाकडाची खोली. बाकांवर माणसं गुपचूप बसली होती. पुस्तकापुढे सून बसली होती.

"मी वाचते," ती म्हणाली.

सिस्टरांना भरून आलं. सुनेचे डोळे ठणठणीत होते, पण अक्षरओळख म्हणाल तर औषधांच्या बाटल्यांवरची नावं जुळवण्यापुरती. तिनं हरवलेल्या मेंढराचं पान काढलं आणि एकेका अक्षराला धडका द्यायला सुरुवात केली. पहिलं वाक्य संपेना. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. तशी ती थांबली, कमरेच्या पिशवीतून मास्तरांचा गोल चष्मा काढला आणि नाकावर चढवला.

"तुझे डोळे चांगले आहेत गं," सिस्टर हलकेच म्हणाल्या. "त्यानं उलट काही दिसणार नाही."

"माहीत आहे. पण त्यांचं काहीतरी अंगावर असलं की धीर येतो. फार बोलले मी त्यांना, सिस्टर. एक शब्द परत घेता आला नाही."

तिनं डोळे पुसले, काचा सारख्या केल्या आणि पानाकडे पाहिलं. मग तिच्या तोंडून शब्द निघाले ते पाण्यासारखे. शंभर मेंढरं, त्यांतलं एक हरवलेलं, नव्याण्णव रानात सोडून निघालेला मेंढपाळ. माणसं बाकावर सावरून बसली. सिस्टरांनी खिशातल्या कुलुपावरचा हात काढला आणि छातीवर ठेवला. आणि मग सून वाचायला लागली, "त्याच्याबरोबर त्याचा लंगडा कुत्राही निघाला..."

"अगं!" सिस्टर पुढे झाल्या. "कुत्रा कुठे लिहिलाय?"

"लिहिला नाहीय," सून कुजबुजली. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठांवर हसू होतं, दोन्ही एकदम. "बोटं दोन आहेत, सिस्टर. एक बाईचं, शाईचं. ते पुढे ओढतंय. आणि दुसरं... त्याला वरचं पेर नाही. ते इथे कोऱ्या जागेवर अडून बसलंय. म्हणतंय, वाच."

मग एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "मग वाच की! अडवतेस कशाला त्यांना?" आणि सगळी वस्ती हसत सुटली. हसता हसता अर्धी रडत होती. सुनेनं कुत्र्यासकट सगळी गोष्ट वाचली, मेंढरू घरी आणलं, आणि सिस्टरांनी खिशातलं कुलूप काढून खिडकीतून दरीत फेकून दिलं. फादरांना काय सांगायचं ते चढ उतरताना सुचेलच. वाचणारी होती, आणि फादर आले की कुत्रा बांधून ठेवायला सासऱ्याला सांगणं हे सुनेचं काम होतं.

माणसं पांगली. पन्हळीतून थेंब गळत होते. सून अजून पानाकडेच बघत बसली होती.

"झालं ना गं आता? काढ चष्मा."

"सिस्टर..." तिचा आवाज बारीक झाला. "दोघांनी मधे जागा सोडलीय."

"कसली जागा?"

"एका बोटापुरती. मामंजी सरकले, बाई पण सरकल्या. आणि दोन्ही बोटं... तुमच्याकडे वळलीत."

सिस्टरांनी उजवा हात झग्याच्या खिशात घातला. नाकावरचा त्यांचा स्वतःचा चष्मा श्वासानं धुरकटला होता. पण शेवटी सिस्टर त्या सिस्टरच. त्यांनी घसा खाकरला आणि हसून म्हणाल्या, "त्यांना सांग, मला काही घाई नाही म्हणावं."

सुनेनं पानाकडे तोंड करून तसं सांगितलं. उत्तर तिला सांगावं लागलं नाही. चष्मा सुनेच्या नाकावर होता, तिचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि तरी सिस्टरांना ते स्वच्छ ऐकू आलं, कोऱ्या कागदावर बारीक कापलेल्या नखाचं.

टक. टक.