कारण : भाड्याचं घर

“घ्या! आणखी एकाला कर्जासाठी दाखला! या महिन्यात अख्ख्या कंपनीला बंगलेच बांधायचेत की काय...”

काचेच्या खिडकीपलीकडचा माणूस कागदात मान घालून स्वतःशीच पुटपुटत होता. समोर कुणी उभं आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. समोर ती होती, आणि तिच्या ओठांवर नेमकं ‘कर्जासाठी’ हेच आलं होतं. तिने ते तसंच गिळलं.

“बोला, काय हवंय?” त्याने वर पाहिलं. चष्म्याआडचे डोळे असे काही हसरे होते, की काय हवंय ते ती क्षणभर विसरलीच.

“नोकरीचा दाखला. म्हणजे... मी इथे कामाला आहे, अमुक पदावर आहे, एवढंच.”

“कशासाठी?”

“भाड्याचं घर घ्यायचंय,” ती म्हणाली. आणि तिथेच फसली.

खरी गोष्ट वेगळीच होती. पंप बनवणाऱ्या या कंपनीत ती पंपांची रेखाटनं करायची. रात्रंदिवस खपून तिने आखलेला नवा पंप साहेबांनी स्वतःच्या नावावर मिरवला, तेव्हाच तिचं मन इथून उठलं. दुसऱ्या एका कंपनीने तिला मनासारखं काम देऊ केलं होतं. फक्त सध्याच्या नोकरीचा पुरावा शुक्रवारपर्यंत पाहिजे होता. घरासाठी घेतलेला दाखलाही चालेल, असं ते म्हणाले होते. पण इथे कुणकुण लागली असती, तर साहेबांनी तिला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. म्हणजे हेही गेलं आणि तेही गेलं.

“घरमालकाचं नाव?” त्याने पेन उघडलं.

“ते कशाला?”

“इथे मोघम दाखला मिळत नाही. तसले दाखले घेऊन तिघं दुसरीकडे पळाले. तेव्हापासून साहेबांचा नियम आहे, ज्याला द्यायचा त्याचं नाव वर लिहायचं.”

“मग टाका ना कुणाचंही!”

“खोटं नाव मी लिहीत नाही.” पेन पुन्हा मिटलं. “घर मिळत नसेल तर मी शोधून देतो की.”

“अहो नको, तुम्ही कशाला—”

“त्यात काय!”

त्या ‘त्यात काय’ने तिचा जीव नकोसा केला. सोमवारी संध्याकाळपर्यंत बातमी साहेबांच्या कानावर. “भाड्याचं घर? वा! म्हणजे इथला मुक्काम पक्का!” म्हणत साहेब खुश. रात्री ती घरी पोचायच्या आत बातमी तिथेही पोचलेली, आणि आईचं तोंड फुगलेलं. “वेगळं राहायचंय म्हणे? आमचं काय चुकलं ते तरी सांग!” तिने कपाळाला हात लावला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत दोघं पहिलं घर बघायला गेले. नाकारायला कारण हवं म्हणून तिने नळ सोडला. “पाण्याला जोर नाही.”

“बरंच आहे की. बादली भरेपर्यंत निवांत गप्पा होतील.”

“कुणाशी?”

“ते... ज्याच्या त्याच्या नशिबावर.”

बुधवारच्या घरात पाण्याला जोर होता, पण नळ खडखडत होता. “खाली पंप चुकीचा बसवलाय,” तिने निकाल दिला.

“तुम्हाला राहायचंय की दुरुस्ती करायचीय?”

ती खळखळून हसली आणि मग हसल्याबद्दल स्वतःवरच वैतागली. इथे दाखल्याचा पत्ता नाही आणि ही हसतेय! परतताना ऊन कडक होतं. तो उन्हाच्या बाजूने चालत होता, आणि त्याची सावली बरोबर तिच्या अंगावर पडत होती. मुद्दाम, की सहज... विचारायचं तरी कसं?

गुरुवारच्या घरात मात्र घात झाला. ऐसपैस खोल्या, भरपूर उजेड. नळ सोडताच पाणी असं उसळलं, की तिची बाही भिजली आणि त्याच्या चष्म्यावर तुषार उडाले. पुसायला तिने ओढणी पुढे केली... आणि पटकन मागे घेतली.

घरमालकीणबाई नर्सच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. “पाणी आहे, उजेड आहे, मी भांडत नाही. आता काय राहिलं?”

“...खिडकी,” ती म्हणाली.

“खिडकीला काय झालं?”

“ती... उघडते.”

“उघडणारच! खिडकी आहे ती!” बाई त्याच्याकडे वळल्या. “आणि काय रे, सोमवारपासून किल्ली तुझ्या खिशात आहे. आज उगवलास? मावशीला दुसरे उद्योग नाहीत असं वाटतं का तुला?”

“मावशी?” तिने त्याच्याकडे पाहिलं. “सोमवारपासून?”

तो चष्मा पुसायला लागला.

“म्हणजे मला उगाच वणवण फिरवलंत? उद्या शेवटचा दिवस आहे माझा!”

“कसला गं?” मावशींनी विचारलं.

“अहो, मला घर नकोच आहे! मी नोकरी सोडतेय!”

रिकाम्या खोलीत ते केवढं तरी मोठं ऐकू आलं.

“माहीत आहे,” तो हळूच म्हणाला. “फोन आला की तुम्ही पंपांच्या चाचणीखोलीत जाता. तिथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. चोरून बोलायचं नसेल तर कोण जाईल?” त्याने पिशवीतून पाकीट काढलं. “हा घ्या दाखला. सकाळीच सही झाली. नावही खोटं नाही, मावशी खरंच घर देतेय.”

तिने कागद उलगडला. नाव, पद, सगळं बरोबर होतं. सुटकेने डोळे भरून आले, पण राग काही उतरेना.

“सोमवारी देता आला असता.”

“हो.”

“माझं काम हुकलं असतं म्हणजे?”

“हुकू दिलं नसतं. पण चुकलंच माझं.” तो जमिनीकडे बघत राहिला. “जिन्यात रोज समोरून जाता, कागदात डोकं घालून. कधी वर बघितलं नाहीत. म्हटलं, दाखला दिला की... संपलंच.”

“म्हणजे मी जाऊ नये, असं म्हणायचंय का?”

“छे! जाच तुम्ही. तुमच्या पंपावर दुसऱ्याचं नाव मला बघवत नाही.”

“मग म्हणायचंय तरी काय?” ती जवळजवळ ओरडलीच.

“बोल की मेल्या!” मावशी करवादल्या.

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाला, “मला तुम्ही आवडता.”