प्रेमानं घातलेलं पाणी

पहिल्यांदा तो तिच्या रोपवाटिकेत आला, तोच मेलेलं रोप छातीशी धरून. समोरच्या दुकानातला चष्मेवाला तो, आणि स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरत होता.

"बहिणीनं तुमच्याकडूनच नेलं होतं. गेलं बिचारं."

तिनं कुंडीत बोट घातलं. नुसता चिखल. "पाणी किती घालता?"

"प्रेमानं घालतो."

"मग प्रेम जरा कमी करा," ती म्हणून गेली, आणि स्वतःच लाजली.

मग हळू आवाजात तिनं सगळं समजावलं. या रुपेरी, मऊ पानांना ऊन हवं, ओल सोसत नाही. झाड वर्षानुवर्षं टिकतं. पिवळी फुलं पुरती उमलायच्या आत कापून उलटी टांगली, तर वाळल्यावरही रंग सोडत नाहीत. त्यानं मान डोलावून ऐकलं... आणि पुढचंही रोप मारलं. त्याच्या पुढचंही.

"आले बघ तुझे रोपांचे वैरी," वहिनी आतून म्हणायची. दुपार झाली की नणंदबाई केस विंचरून बाहेर का बसतात, हेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

शेवटी तिला रोपांचीच दया आली. तिनं मातीत वाळू आणि खडी मिसळली, मोठ्या भोकांची कुंडी निवडली, स्वतःच्या हातानं रोप लावून दिलं.

"हे नाही मरायचं. कितीही ओता, पाणी वाहून जाईल."

तो कुंडीकडे बघत राहिला. "म्हणजे... आता मी यायला नको?"

या की — अगदी ओठांवर आलं होतं. पण आत वहिनीच्या बांगड्या वाजल्या.

"नको," ती हसून म्हणाली. "सुटलात एकदाचे."

तो हसला नाही.

रोप जगलं. समोरच्या काचेआड पानं चांदीसारखी चमकायची. रस्ता ओलांडून तो आला नाही, आणि तीही गेली नाही.

मग एका सकाळी ते दुकान बंद दिसलं. दुपारी त्याची बहीण वाळलेल्या फुलांची जुडी घेऊन आली. दादानं दुसऱ्या गावी दुकान घेतलं, जाताना हे तुम्हाला द्यायला सांगितलं, म्हणाली.

फुलं नेमक्या वेळी कापलेली होती. रंग तसाच पिवळाधमक.

"इतकं नीट ऐकलं होतं त्यांनी?"

"ऐकलं होतं तर. म्हणून तर तांब्यावर तांब्या ओतायचा. मी ओरडले, की म्हणायचा — मरू दे गं, परत जाता येईल."

बहीण गेल्यावर तिनं जुडी खिडकीत टांगली. झारी घेतली, आणि एका रुपेरी रोपाला पाणी घालत राहिली... माती पार चिखल होईपर्यंत.

हे मेल्यावर छातीशी धरून जायला, समोर आता कुणी नव्हतं.